शेठाणीची चक्कर

नवागामच्या आमच्या खोलीत टीव्ही आला तो एका गावी परतणाऱ्या शेजाऱ्याकडून. काळापांढरा, पोटाने मोठा, आणि काचेवर तिरंगी प्लास्टिकचा कागद लावलेला. वर निळा, मधे गुलाबी, खाली हिरवा. समुद्र आणि शेतं त्यात झकास दिसायची. माणसं मात्र उभी राहिली की कपाळाला निळी आणि पायांना हिरवी व्हायची. आई म्हणायची, "रंगीत शे," आणि तो विषय तिथेच संपायचा.

त्याच टीव्हीवर दर बुधवारी संध्याकाळी ती मालिका लागायची. मुंबईतल्या एका अतिश्रीमंत घराची गोष्ट होती. घरात शेठ, त्याची देखणी बायको, आणि शेठच्या धंद्यातला भागीदार, जो सारखा घरी यायचा. त्यांची नावं लांबलचक होती, आमच्या कुणाच्या तोंडात बसली नाहीत. म्हणून आम्ही त्यांना शेठ, शेठाणी आणि मिशीवाला म्हणायचो. बाकी सगळी मंडळी हातात ग्लास घेऊन उभी असायची आणि या तिघांबद्दल कुजबुजायची.

आईला सुरतेत येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. धुळ्याकडच्या खेड्यातून ती थेट या खोलीत आली. दिवसभर घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि अहिराणीशिवाय काही बोलायची नाही. हिंदी तिला ओळखीच्या शब्दांपुरती कळायची, म्हणजे मराठीसारखा एखादा शब्द कानावर पडला की ती तो पकडायची आणि बाकीचं वाक्य स्वतः रचायची.

बुधवारी तिच्या शेजारी समोरच्या खोलीतली काकू बसायची. काकू अकोल्याकडची. ती घोडदोड रोडच्या बंगल्यांत धुणीभांडी करायची, त्यामुळे मोठ्या लोकांविषयी आमच्या ओळीत शेवटचा शब्द तिचा असायचा. मी दोघींच्या मधे बसायचे. शाळेत आणि गल्लीत हिंदी-गुजराती ऐकून मला थोडंफार समजायचं, पण मला विचारण्याएवढा धीर आईला नसायचा.

तर एका बुधवारी बंगल्याच्या स्वयंपाकघरात मोलकरीण ड्रायव्हरच्या कानाशी लागून म्हणाली, "मेमसाब का उनके साथ चक्कर चल रहा है."

आईच्या हातातली टिकली साडीऐवजी तिच्या गुडघ्यावर चिकटली.

"माय व!" ती म्हणाली. "तिले चक्कर ई ऱ्हायनी!"

काकूने तिच्याकडे पाहिलं. "अवं बाई, हे चक्कर तशी नोहे."

"मंग कशी? कपाळ देख तिनं. निळं पडी गयं."

खरोखरच शेठाणीचं कपाळ निळं होतं. पुढच्याच दृश्यात मिशीवाल्याने तिला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि दोघं एका हॉटेलात गेली. आईच्या माहितीत हॉटेल म्हणजे जिथे चहा आणि भजी मिळतात ती जागा. तिला सगळं लख्ख कळलं. बाई अशक्त. नवऱ्याला टेलिफोनवरून उठायला वेळ नाही. तेव्हा या भल्या माणसाने तिला आधार देऊन दोन घास खायला नेलं. आणि परक्या बाईच्या दंडाला असा हात कोण लावेल? सख्खा भाऊच लावेल.

"तो तिना भाऊ शे," आईने जाहीर केलं.

काकू हसून हसून भिंतीला टेकली. "मी रोज पायतो ना बंगल्याइत! भाऊ असा अत्तर लावून येते काय?"

"तुना भाऊ नही लावत व्हई," आई म्हणाली. मग तिने गुडघ्यावरची टिकली काढून साडीवर दाबली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा रातपाळीला होते. ते आणि काकूचे यजमान, आमचे काका, एकाच लूमच्या कारखान्यात साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. सुरतेत अशा कारखान्याला खातं म्हणतात. अण्णा या मालिकेला 'मोठ्या लोकांचे चाळे' म्हणायचे आणि आपल्याला त्यात काडीचा रस नाही असं सांगायचे. पण गुरुवारी सकाळी पाळीवरून आले, केसांतला कापूस झटकला, चहाची बशी तोंडाला लावली की भिंतीकडे बघत विचारायचे, "मंग? काय व्हयनं त्या येड्यासनं?"

आई मग सगळं सांगायची. त्या गुरुवारी तिने चक्कर, हॉटेल आणि भाऊ असं सांगितलं. अण्णांना ते फार आवडलं. "इतला मोठा मानूस," ते म्हणाले, "पन बहीनले इसरना नही." समोरच्या खोलीत त्याच वेळी काकू काकांना तोच भाग सांगत होती. दोन खोल्यांमधून दोन वेगवेगळ्या मालिका निघाल्या आणि संध्याकाळी एकाच खात्यात पोचल्या.

तिथे काय झालं ते मला अण्णांनी आणि काकांनी इतक्या वेळा करून दाखवलं आहे की मी तिथे नव्हते असं आता वाटत नाही.

खात्यात साचे चालू असले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. सगळं बोलणं हातांनी होतं. काकांनी लांबून अण्णांना खूण केली: छातीवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि पापण्या फडफडवल्या. म्हणजे, बघितलंत का, बाई प्रेमात पडली. अण्णांनी जोरात मान हलवली आणि आपल्या मनगटाला हवेतली राखी बांधून दाखवली. काकांनी पुन्हा पापण्या फडफडवल्या. अण्णांनी दुसरी राखी बांधली. शेजारच्या साच्यावरच्याला वाटलं अण्णांच्या हाताला लागलं, म्हणून तो चिंधी घेऊन धावला. त्याला समजावण्यात आणखी दोघे आले. चहाच्या सुट्टीपर्यंत खात्यात सरळ दोन तट पडले. एका बाजूला राख्या बांधणारे, दुसऱ्या बाजूला पापण्या फडफडवणारे. मधे धागे तुटत होते, ते कुणी बघत नव्हतं.

खात्याचा मालक नेमका त्या संध्याकाळी आला. दारातून त्याला दिसलं की त्याची सगळी माणसं एकमेकांना मनगट दाखवताहेत. त्याला घाम फुटला. त्याने मिस्त्रीला, म्हणजे साचे दुरुस्त करणाऱ्याला, बाहेर ओढलं.

"शुं छे आ? हडताल?"

"नहीं शेठ," मिस्त्री म्हणाला. "सीरियल."

मालकाने रुमालाने मान पुसली. मग हळूच विचारलं, "बुधवारवाळी?"

मिस्त्री हो म्हणाला, आणि हीच संधी साधून त्याने वादही त्याच्यापुढे ठेवला. शेठ, तुम्ही मोठी माणसं, तुमच्यात कसं असतं ते तुम्हीच सांगा. मालक भडकला. "मोटा माणस? कोण मोटा माणस?" त्याच्याकडे एक स्कूटर होती आणि तिचं सीट फाटलेलं होतं. तो म्हणाला, मी आठ वाजता खिचडी खाऊन झोपतो, मला काय माहीत. पण जाता जाता थांबला आणि पडलेल्या आवाजात बोलला, "आमची बाई म्हणते चूक शेठचीच आहे. नवरा घरी बसून दोन शब्द बोलत नाही म्हणे. मला कळत नाही, ती हे माझ्याकडे बघून का बोलते." असं म्हणून तो स्कूटरवर बसला आणि त्या दिवशी लवकर घरी गेला.

वाद मिटला नाही. रविवारी मिस्त्री चार जणांना घेऊन आमच्या दारात आला. आईने पदर डोक्यावर घेतला. मिस्त्री जळगावकडचा, अदबीने बोलणारा.

"वहिनी, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ना? मग सांगा. भाऊ की दुसरं काही?"

"भाऊ," आई म्हणाली.

"पुरावा?"

"कान."

"कसले कान?"

"दोन्हीसना कान एकसारखा शेतस. पाळ्या देखा." आणि ती आत जाऊन चहा ठेवायला लागली. तिच्या दृष्टीने सुनावणी संपली होती. मंडळी एकमेकांचे कान न्याहाळत चहा प्याली. समोरच्या दारातून काकूचा आवाज आला, "मंग माह्ये अन् त्या बकरीचेबी कान सारखेच हायत!" त्यावर आईने काकूला चहा पाठवला नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

शेवटी ठरलं की पाळी बदलली की सगळ्यांनी आमच्याकडे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

तो बुधवार मला अजून स्पष्ट दिसतो. खोलीत बूड टेकायला जागा नव्हती. भाऊवाले कॉटवर आणि खाली आईच्या बाजूला, बाकीचे काकूच्या बाजूला, मिस्त्री मधे स्टुलावर. अण्णा पहिल्यांदाच ही मालिका बघत होते आणि त्यांनी त्यासाठी धुतलेला सदरा घातला होता.

पहिली काही मिनिटं नुसती पार्टी. मग शेठाणी गच्चीवर गेली. मागून मिशीवाला आला. वारा सुटला, पदर उडाला. मिशीवाला काहीतरी इंग्रजीत म्हणाला. शेठाणी वळली, आणि त्याने तिला मिठी मारली. चांगली घट्ट, लांब मिठी. मागे व्हायोलिनं वाजत होती. शंका घ्यायला जागा म्हणून नव्हती.

मग एकेक करून सगळी तोंडं आईकडे वळली. काकूने तर आधीच वळवून ठेवलं होतं.

आईने डोळ्याला पदर लावला. ती रडत होती.

"देखा," ती म्हणाली. "कसा गळामा पडीसन रडी ऱ्हायना. कितला दिवसनी भेट!"

काका तोंड दाबून हसले. मिस्त्री अण्णांकडे वळला. "अण्णा, तुम्ही पाहिलंत. काय ते आता तुम्हीच बोला."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे मिठी अजून चालूच होती. त्यांनी आईकडे पाहिलं. अण्णा खोटं बोलत नसत; बाजारात कांदा सडका निघाला तर 'माझ्याच हाताने निवडला' म्हणून परत न देणारा माणूस. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी घसा खाकरला.

"भाऊच शे," ते म्हणाले.

"अण्णा!" काका ओरडले.

"मोठा लोकसमा भाऊ असाच भेटतस," अण्णा म्हणाले, आणि दारात जाऊन उभे राहिले.

लोक पांगल्यावर आईने त्यांना ताटात जास्तीचं तूप वाढलं.

यानंतर काही आठवड्यांनी मालिका बंदच पडली. एका बुधवारी त्या वेळेला शेतीविषयी कार्यक्रम लागला, त्यात एक साहेब एरंडीच्या किडीबद्दल बोलत होते. पुढच्या बुधवारीही तेच. मी आणि काकू हिरमुसलो. अण्णा पुन्हा रातपाळीला लागले होते. गुरुवारी सकाळी आले, बशी तोंडाला लावली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मंग? काय व्हयनं?"

मी सांगणार होते की मालिका संपली. तेवढ्यात आईने टिकल्यांचं ताट बाजूला सारलं आणि सुरुवात केली. म्हणाली, शेठला पश्चात्ताप झाला. त्याने टेलिफोन विहिरीत टाकला.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा इतका सरळ होता की क्षणभर मला वाटलं, आपल्यालाच एरंडीचं स्वप्न पडलं असेल. अण्णा म्हणाले, "बरं करं," आणि दुसरी बशी ओतली. खात्याबाहेरच्या चहावाल्यानेही तोवर टीव्ही आणला होता आणि त्यावरही कीडच दिसत असणार, हे मला फार पुढे सुचलं.

तो टेलिफोन संध्याकाळी खात्यात पोचला आणि पुढच्या गुरुवारी सकाळी पाळी सुटल्यावर चार-पाच जण आमच्या ओट्यावरच येऊन बसले. आई उंबऱ्याच्या आतून सांगायची. तिच्या हातात शेठाणीची तब्येत सुधारली. मिशीवाल्याने मिशी काढली. बंगल्याच्या मागे वांगी लावली गेली. काकू समोरच्या दारात आवाज न करता भांडी घासत ऐकायची. एका गुरुवारी आई म्हणाली, शेठाणीने फडताळातून दूध काढलं, तशी काकूला राहवलं नाही.

"फडताळ नसते वं तेथी," ती म्हणाली. "फ्रिज रायते. दूध दारातल्या कप्प्यात ठेवतेत. अन् खालच्या टोपल्यात कोथमीर."

आईने थोडा विचार केला. "खालना टोपलामाईन तिनी कोथमेर काढी," ती म्हणाली.

काकू हात पुसत आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिथून पुढे गोष्ट दोघींची झाली. माणसं आईची, सामान काकूचं. सोफ्याचा रंग, पडद्यांची कापडं, बाथरूममधली आंघोळीची पांढरी टाकी हे सगळं काकू पुरवायची. ती टाकी कशाला लागते यावर मात्र मंडळींना खूप समजवावं लागलं.

ऐकणारेही गप्प नसत. मिस्त्रीला बंगल्याच्या ड्रायव्हरचं लग्न व्हावं असं वाटत होतं, कारण तो दिसायला जळगावकडचा होता. तेही आईने लावून दिलं. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती आणि मुंबईची ती ग्लासवाली मंडळी पत्रावळीवर मांडी घालून बसली. एकाला मांडी जमली नाही, त्याला पाट दिला.

मग लग्नसराई आली, घरी साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत लागले आणि एका गुरुवारी आईने सांगून टाकलं, "संपनं."

"असं कसं संपलं?" मिस्त्री म्हणाला. "वहिनी, बंगल्यातलं कुत्रं राहिलं ना. त्याचं काय झालं?"

आईने काकूकडे पाहिलं. काकूने मान डोलावली.

"ते जेवीसन झोपी गयं," आई म्हणाली.

रातपाळी करून आलेल्या त्या माणसांना हे मनापासून पटलं. ती एकेक करून उठली, जांभया देत, आणि आपापल्या खोल्यांकडे झोपायला गेली.