सिनेमा न बघितलेला मोर्चा

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका विनोदी सिनेमावरून मोठा गोंधळ झाला. सिनेमात देव डेअरीच्या रांगेत उभा राहून आपल्या दुधाची फॅट मोजून घेतो. देवाची टिंगल झाली म्हणून मोर्चा निघाला, खेळ बंद पडले. मोर्चाच्या पुढं होते माझे थोरले चुलते, अप्पा. कपाळाला भस्म लावल्याशिवाय दुकानाचं शटर न उघडणारा माणूस.

त्या प्रकारावर मी स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण त्यातला पुढारी कोण ते घरात सगळ्यांनी ओळखलं. स्पर्धेला दहा दिवस राहिले असताना अप्पा तालमीच्या हॉलमध्ये येऊन उभे राहिले.

"घरची पोरगीच माझी अब्रू काढती व्हय?"

मी म्हटलं, "अप्पा, आधी बघा. मग बंद कर म्हणालात तर करीन."

ते खुर्ची ओढून बसले. पुढाऱ्याचं भाषण सुरू झालं आणि ते ताडकन उठले. "हे कसलं पुस्तकी बोलणं? मी असं बोललोच न्हाय!" नटाला बाजूला सारून त्यांनी ते भाषण असं दणक्यात केलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात तिकीटवालीचं काम करणाऱ्या मुलीनं आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, "काका, तुम्ही सिनेमा बघितलाय का?"

अप्पा थांबले. "तवा हे कुणी इचारलंच न्हवतं," म्हणाले. मग हळू आवाजात, "न्हाय बघितला."

मी लिहिलेला पुढारी या प्रश्नावर नुसत्या घोषणा देत निघून जायचा. मी ते पान तिथंच खोडलं.

"अप्पा, हे काम तुम्हीच करा."

"करतो की!"

शिरोलीच्या फाउंड्रीत शिफ्ट करून तालमीला धावत येणाऱ्या आमच्या पुढाऱ्याच्या नटानं सुटकेचा निःश्वास सोडला.

स्पर्धेच्या दिवशी मोर्चातली जुनी मंडळी दुसऱ्या रांगेत येऊन बसली. भाषणाला शिट्ट्या मिळाल्या. मग तो प्रश्न आला. "न्हाय बघितला," अप्पा म्हणाले आणि माझ्या लेखनात नसलेलं थेट प्रेक्षकांना विचारलं, "तुमच्यातल्या कुणी बघितलाय?"

दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "आमी बी न्हाय!"

नाट्यगृह हसून हसून लोटपोट झालं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती दुसरी रांगच.

पहिला नंबर आमचा. ढाल घ्यायला अप्पांनी मला पुढं ढकललं आणि माइक हातात घेऊन सांगितलं, "लिवलंय हिनं. आमच्या घरची पोरगी हाय!"