भिजलेल्या कापडातलं बेट

मुरुम गावच्या बाजाराच्या मैदानावर उन्हाळ्यात तंबूचा सिनेमा यायचा. तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं असे. त्याच्या पुढं पुरुष, मागं आम्ही बायका. आमच्या बाजूनंही चित्र दिसावं म्हणून खेळाआधी ते कापड पाण्यानं भिजवत. ओल्या कापडातून उजेड आरपार येई आणि आम्हांला सगळं उलटं दिसे, उजव्याचं डावं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकत होते, म्हणून अक्षरं पाठमोरी आली की मला ते खटके. मी बोलून दाखवत नसे.

तेव्हा लढाई चालू होती. शेजारच्या खालांचा मुलगा फौजेबरोबर जहाजानं कुठल्याशा बेटावर गेला होता आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती. तंबूवाल्यानं दवंडी दिली की इंग्रजी खेळ आहे, समुद्रातल्या बेटावरचा, चालत्या मुडद्यांचा. मुडद्यांचं ऐकून निम्म्या बायका आल्या नाहीत. खाला मात्र बेटाचं ऐकून आल्या. जन्मात त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता. माझ्या शेजारी बसत त्या म्हणाल्या, "बेटी, तू आंग्रेजी समजती ना? वो मुलुक कौनसा है, इत्ता मेरे कू बता."

आधी समुद्र दिसला. आमच्यातल्या कुणीच तो पाहिलेला नव्हता. लाट आली तशी पुढच्या रांगेतल्या पोरींनी पाय आखडून घेतले.

"एवढं पाणी," मागून आमच्या काकू म्हणाल्या, "अन् एक बाई धुणं घेऊन आली न्हाय."

काठावर नारळाची झाडं होती. नारळ आम्हांला ठाऊक होता तो देवापुढं फुटणारा. झाडावर लटकलेला पहिल्यांदाच दिसला.

मग ती माणसं आली. बोटीतली पोती उचलून साहेबाच्या बंगल्याकडं एका रांगेत चाललेली, डोळे उघडे पण कशावरच न ठरलेले. तोंडं पीठ फासल्यासारखी. मागचा डोंगर कापडाचा होता. एकाच्या पोत्याचा धक्का लागून तो हललासुद्धा. ते मला दिसलं, आणि तरीही अंगावर काटा आला.

"हे कोण गं?" काकूंनी विचारलं.

सगळ्या माझ्याकडं पाहू लागल्या. "मेलेली माणसं," मी कशीबशी म्हणाले. "साहेबानं उठवून कामाला लावलीत. त्यांना काहीच आठवत नाही."

"मजुरी?"

"नाही."

"भाकर?"

"तीपण नाही."

"पाटलाच्या कानावर जाऊ देऊ नगं," काकू म्हणाल्या, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

खाला हसल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या डाव्या खांद्यावर पोतं होतं, डाव्या हातानं धरलेलं. साहेब मागून त्याच्यावर सारखा ओरडत होता. "मेरा बच्चा भी बाएँ हाथवाला है," त्या म्हणाल्या.

पुढून पाहणाऱ्यांना तो उजवा खांदा दिसत असणार, हे मला कळत होतं. ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर कापड वाळायला लागलं. आमच्या बाजूचं चित्र फिकट होत गेलं. झाडं विरली, बोट विरली. बायकांनी पाण्यासाठी ओरडा केला, पण तंबूवाला पुरुषांच्या बाजूला होता. कुणी आलं नाही.

खाला उठल्या. आमच्या पिण्याच्या माठातून तांब्या भरला आणि कापडावर फेकला. जिथं पाणी पडलं तेवढ्या जागी तो माणूस लख्ख उमटला. त्याच्या पिठाळ तोंडावरून ओघळ खाली आले. मग आणखी दोघी उठल्या. तांब्या हातोहात फिरू लागला आणि बेट तुकड्यातुकड्यानं परत आलं. इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

खाला कापडाजवळच उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाव घेऊन हाक मारली. गल्लीत खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी, फार मोठ्यानं नाही. ते नाव मी इथं लिहीत नाही.

तो माणूस थांबला. पोतं खाली पडलं आणि त्यानं तोंड आमच्याकडं वळवलं.

"काय म्हणाला साहेब?" काकूंनी हळूच विचारलं.

"थांब म्हणाला."

"ते तर तो मघापासनं वरडतोय. तवा ह्यो गडी कुठं थांबला?"

मी कापडाजवळ उभ्या असलेल्या खालांकडं पाहिलं.

घरी जाताना मी खालांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते बेट दुसऱ्याच समुद्रातलं होतं, लढाईच्या बाजूचं नव्हतं. आणि तो खांदा खरा उजवा होता.

"मेरा नहीं था वो," त्या म्हणाल्या. "चाल अलग थी. मगर किसी का तो होगा ना, बेटी. इत्ते लोगां में एक ने भी उसकू नाम से नहीं पुकारा."

दुसऱ्या दिवशीही तोच खेळ होता. खाला दिवस मावळायच्या आधीच तंबूत येऊन बसल्या होत्या, शेजारी घरून आणलेली भरली घागर ठेवून.