मटिल्डाने बांधलेले भोपळे

वसईकडच्या निर्मळ गावच्या मटिल्डाने नवऱ्याची दारू सोडवायला काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. नवस झाले, शपथा झाल्या, फादरांनी प्लासिडला वेदीसमोर उभं केलं. आठवडाभर तो गाईसारखा वागे आणि पुन्हा गुत्त्याची वाट धरी. त्या वाटेवर, केळीच्या वाडीत, बावखल होतं. भलं खोल तळं, ना कठडा ना दिवा. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात प्लासिडचा दोस्त सॅन्टन गुत्त्यावरून येताना त्यात पडून मेला. मयत आटोपून प्लासिड दुःख विसरायला थेट गुत्त्यावर गेला.

दुसऱ्या संध्याकाळी मटिल्डाने माळ्यावरून वाळके भोपळे काढले. पोरं पोहायला शिकताना कमरेला बांधतात ते.

"हात वर करा."

"हे काय गं?"

"प्यायला जायचं तर जा. पण हे बांधून."

ती दारात आडवी उभी, आणि याच्या घशाला कोरड. गेला बिचारा, दोन्ही कुशींना भोपळे हलवत. गुत्त्यावर लोक हसून लोळले. पण त्याच आठवड्यात तो बावखलात पडला आणि बुडालाच नाही. आभाळाकडे तोंड करून लितानीची प्रार्थना म्हणत तरंगत होता. शेजारच्या रेजिनाने त्याला बांबूने काठाला ओढलं, आणि घरी जाऊन आपल्या नवऱ्यासाठी भोपळे शोधायला लागली. मग घरोघरी तेच. गुत्त्याच्या बाकावर चौघांच्या जागेत दोघेच मावू लागले.

दारूबंदी मंडळाचे फर्डिनंड मास्तर तणतणत आले. "मटिल्डाबाय, ही पिणाऱ्यांना मोकळीक झाली."

"सोडतील, मास्तर, कधीतरी सोडतील. तोवर जिवंत तर राहू देत."

मास्तरांना ते पटलं नाही. त्यांनी पोलिसांत वर्दी दिली.

धाड पडली तेव्हा बिनभोपळ्याचे पसार झाले. भोपळेवाले केळीच्या खुंटांत अडकले. हवालदाराने त्यांना बावखलापाशी गाठलं.

"कुठे निघालात?"

"पोहायला," प्लासिड म्हणाला.

"मग पोहा."

एकेक बाप्या पाण्यात उतरला. हवालदार काठावर विडी पेटवून बसला. गाव गोळा झालं. मटिल्डा धावत आली. पाहते तो सगळे बदकांसारखे तरंगताहेत, थंडीने दात वाजताहेत. तिला हसू आवरेना.

"रोज पोहतात हे?" हवालदाराने तिला विचारलं.

"रोज. पोटासाठी चांगलं असतं."

हवालदाराने मान डोलावली, विडी विझवली आणि सायकलवर बसून गेला.

प्लासिडची दारू काही सुटली नाही. पण भोपळ्यांच्या कटकटीपायी तो आठवड्यातून दोन-तीन दिवस घरीच राहू लागला, ओटीवर बसून मटिल्डाला भाजीच्या जुड्या बांधू लागला. तिला तेवढंही पुष्कळ होतं.

मंडळाच्या पुढच्या सभेत फर्डिनंड मास्तरांनी बावखलाला कठडा बांधायचा आणि कंदील टांगायचा ठराव मांडला. कारण दिलं, गुरं पडतात. गावात कोणाचीच गुरं कधी पडली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला.