सुधाकर रामेश्वरला काय करत होता

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याची पिशवी लपवत होतो. माणसाच्या उंचीची काळी पिशवी. पलंगाखाली मावेना, कपाटावर बसेना, दाराआड उभी केली तर कुणीतरी पाहुणा उभा आहे असं वाटून आमची सौभाग्यवती दचकायची. एसटीच्या कंडक्टरनं तर "ह्यात सामान हाय का मानूस?" असं विचारून मगच पिशवीचं लगेजचं तिकीट फाडलं होतं. आत पतंग होता. संक्रांतीला रामेश्वरहून येताना सुधाकर तो घेऊन आला आणि परभणीला माझ्याकडे ठेवून गावी झरीला वडिलांकडे गेला. जाताना म्हणाला, "आवंदा आप्पाला सांगून टाक माधव. तू सांगितलंस की मी येतो, पिशवी उचलतो आन आप्पाला येलदरीच्या धरणावर घेऊन जातो. पाण्यावर उडून दाखवतो." मी म्हणालो, "बघू. शिवरात्र होऊ दे." त्यानंतर चारपाच दिवसांनी देवळाच्या पायरीवर चहा पिता पिता त्यानं बशी खाली ठेवली आणि तो कलंडला. डॉक्टर हृदय म्हणाले. पन्नाशीही झाली नव्हती...

सुधाकर झरीच्या महादेवाच्या गुरवाचा एकुलता एक मुलगा. नागनाथआप्पांचं वय आता ऐंशीच्या पुढे, पण अजून पहाटेची पूजा त्यांचीच. मीही झरीचाच. पहिलीपासून सुधाकरच्या बाकावर बसलो, पुढे परभणीच्या एका शाळेत कारकून म्हणून लागलो. मी कमी बोलतो. लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. तसं काही नाही, मला बोलायची भीती वाटते, एवढंच. आणि आयुष्यात एकदाच जे न अडखळता, भराभर बोललो, ते खोटं होतं. ते आज सांगायचं आहे.

लहानपणी सुधाकरचं डोकं बारा महिने वर असायचं. आमच्याकडे पतंग संक्रांतीपुरते, पण हा पोळ्याच्या दिवशीही बैलांमागून चालताना वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. महादेवाला आलेल्या उपरण्यांचे पतंग केले म्हणून आप्पांनी त्याला देवळाच्या खांबाला बांधून ठेवलं, तर सोडायला गेलेल्या मला म्हणतो, "थांब जरा. हितून वारा लय झकास कळायलाय." आप्पांनी त्याचे किती पतंग फाडले याला गणती नाही. त्यांचं म्हणणं एकच, गुरवाच्या पोरानं खाली बघावं, पिंडीकडे. दहावीनंतर त्याला शिकवून झालं, पूजेला बसवून झालं. आरती चालू असताना कळसावरचा झेंडा कुठल्या दिशेला फडकतोय ते बघायला हा घंटा सोडून बाहेर. शेवटी तो परभणीत एकाच्या जीपवर ड्रायव्हर झाला. ती नोकरीही मीच शब्द टाकून मिळवून दिली होती.

त्या जीपमधून तो परभणीच्या एका डॉक्टरांच्या कुटुंबाला रामेश्वरला घेऊन गेला. डॉक्टर मंडळी तीर्थस्नानाला गेली आणि हा हातपाय मोकळे करायला समुद्राकडे. तिथं त्यानं बघितलं की आभाळात कमानीसारखे वाकलेले मोठाले पतंग आहेत, त्यांच्या दोऱ्या माणसांच्या कमरेला बांधल्या आहेत, आणि ती माणसं पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून पळतायत. मधूनच उडतायत. त्यानं मला नंतर सांगितलं, "माधव, मला रडू आलं रे. म्हनलं, हे असंल तर मग आपलं डोकं ठिकाणावर व्हतं." वाळूत एक गोरा माणूस गुंतलेल्या दोऱ्यांशी झटत होता. सुधाकरनं न विचारता त्याच्या हातातून गुंता घेतला आणि मांडी घालून सोडवत बसला. सोडवून झाल्यावर तो उठलाच नाही. जीप डॉक्टरसाहेबांनी स्वतः चालवत परभणीला परत आणली. पुढे कितीतरी दिवस ते रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो.

आठवड्यानं आप्पा माझ्या दारात आले. "माधवा, डागदर आले, जीप आली. आमचा कामून न्हाई आला?" मला सुधाकरचा फोन येऊन गेला होता. सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "आप्पा, त्याला तिथं देवस्थानात नोकरी लागली."

आजवर मी स्वतःची समजूत घालत आलो की हे मी म्हाताऱ्याच्या काळजीपोटी केलं. ते खरं नाही. तिशीतला माझा मित्र परमुलखात पतंग उडवत बसलाय, हे म्हणायची मला लाज वाटली. शाळेत लोक विचारतील, तुमचा तो मित्र काय करतो हो... आणि मी काय सांगू? देवस्थान कसं, तोंडातून सहज निघतं. आप्पा ऐकून आधी भिंतीला टेकले, मग त्यांनी मला हात जोडले. गावात गेल्या गेल्या त्यांनी सांगून टाकलं की झरीच्या महादेवाला सोडून गेला तरी पोरगं महादेवाजवळच गेलं. त्या शिवरात्रीला, सुधाकरला मार्गी लावल्याबद्दल गावानं माझा सत्कार केला. शाल उबदार आहे. थंडीत वापरतो.

सुधाकरला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "लबाडी तुझी हाय. मिटवायचीबी तूच."

तिकडे त्यानं जे केलं ते खरोखर शून्यातून. आधी दोऱ्या सोडवणारा, मग पतंगात हवा भरणारा, मग स्वतः पाण्यात. आता, झरीचा माणूस पोहतो, पण विहिरीत शिकलेला माणूस गोल पोहतो. समुद्रात पडला की हा जागच्या जागी गरगर फिरायचा, आणि किनाऱ्यावरच्यांना वाटायचं बुडायलाय. सरळ पोहायला त्याला पाऊस ते दिवाळी एवढा काळ लागला. पण पतंग त्याच्या हातात आला की तिथले जुने लोकही बघत उभे राहत. पुढे रीतसर परीक्षा देऊन तो शिकवायला लागला, मग ताडाच्या झापांचं छप्पर घालून त्यानं स्वतःची शाळा काढली. एका मे महिन्यात मी जाऊन आलो. पुण्याची, बंगळुरूची पोरं, दोन जर्मन, आणि पाण्यात छातीपर्यंत उभा राहून हा ओरडतोय, "ढील दे, ढील दे, अरे मर्दा, किती वढायलास?" पुण्याच्या पोरांना कळायचं, जर्मनांना कळायचं नाही, तरी ढील जर्मनच आधी द्यायचे. नंतर तर तेही एकमेकांना पाण्यातून "ढील, ढील" म्हणून हाका मारायला लागले. मी वाळूत छत्री धरून बसलो होतो. त्यानं एक उडी घेतली... ताडाच्या झाडाएवढी, आणि वरच राहिला. खाली यायची घाईच नाही. मला आप्पांची आठवण झाली. मी छत्री पुढे केली आणि बघणं बंद केलं.

मग झरीची बस रामेश्वरला निघाली. असं होणार हे मला कळायला हवं होतं. गावातला मुलगा देवस्थानात म्हटल्यावर यात्रा निघणारच. बसमध्ये पहिल्या सीटवर आप्पा, शेजारी मानाने मी. दर मुक्कामाला उतरून, आडोसा बघून मी सुधाकरला फोन करायचो. तो म्हणायचा, "माधव, सांगून टाक की बसमधीच. मी हितं पतंग मांडून बसतो." मी म्हणायचो, "येडा झालास का? लुंगी नेस, भस्म लाव आन देवळापाशी उभा राह्य."

तो उभा राहिला. पांढरी लुंगी, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, उघडं अंग. उन्हानं कोळशासारखा झालेला आणि खाऱ्या पाण्यानं केसांची टोकं मक्याच्या कणसासारखी पिवळी. बाया पाया पडायला लागल्या. आप्पांनी केसांना हात लावला. "हे काय रं?" "तीर्थाचं पाणी, आप्पा. बावीस कुंडं हायती." मग हात उलटा करून बघितला, तळव्याला घट्टे. "आन हे?" "घंटेची दोरी." आप्पांचे डोळे भरून आले. घंटा सोडून पळणाऱ्या पोराच्या हाताला घट्टे. एवढ्यात त्याची एक जर्मन शिष्या सायकलवरून गेली. ओले केस, तोंड भरून हसू, आणि तिनं अंगठा आणि करंगळी ताठ ठेवून, मधली बोटं मिटून हात हलवला. पतंगवाल्यांची ती खूण असते, सगळं झकास आहे अशी. सुधाकरचाही हात सवयीनं वर गेला. "ही कंची मुद्रा?" आप्पांनी विचारलं. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शिवमुद्रा."

ती मुद्रा झरीला आली. आप्पांनी ती आरतीत घातली. तेव्हापासून दर सोमवारी कर्पूरारती झाली की म्हाताऱ्या बायांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळं गाव अंगठा आणि करंगळी ताठ करून महादेवाला हात हलवतं. सुधाकर सुटीवर आला की खांबाआड उभा राहून बघायचा आणि उपरणं तोंडात कोंबायचा. पण रात्री जेवताना म्हणायचा, "माधव, आता तरी सांग. मला एकदा आप्पाला उडून दाखवायचं हाय. त्यानला ऐकायला कमी येतंय, उद्या डोळे गेले तर?" मी म्हणायचो, बघू. दर वर्षी बघू.

दशक्रियेला लोक ओळीनं आप्पांना भेटले. सगळ्यांनी ती मुद्रा केली. आप्पा प्रत्येकाला सांगत होते, "महादेवाच्या चाकरीत गेला." मी शेजारी उभा होतो आणि माझ्या घरी काळी पिशवी उभी होती. तेव्हाही मी बोललो नाही.

शिवरात्र झाल्यावर गेलो. पिशवी घेऊन, भर दुपारी, देवळात कुणी नसताना. गाभाऱ्यापुढच्या मंडपात आप्पा वाती वळत होते. त्यांच्या चांगल्या कानाशी बसून मी सगळं सांगितलं. जीप, दोऱ्या, जर्मन, लुंगी, घट्टे, मुद्रा. ते वाती वळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी रामेश्वरला देवळापाशी मला भेटला त्यो...?"

"सोंग होतं, आप्पा."

"कुणी घ्याया लावलं?"

"मी."

त्यांनी कापूस खाली ठेवला. "एवढं बसमधी अंग मोडून गेलो आन पोराला न बघताच आलो की रं मी."

मी मोबाइलवर त्याच्या उडीचा व्हिडिओ लावून समोर धरला. त्यांनी मोबाइल दूर धरला, जवळ धरला. "हे चिलटावानी काय हाय?" "तोच आहे, आप्पा." "मला दिसंना." मग पिशवीकडे बोट केलं. "त्यो काढ."

बाहेर पटांगणात काढला असता तर शहाणपणाचं झालं असतं. पण बाहेर लोक बघतील म्हणून मी मंडपातच उलगडला... म्हणजे कबुलीच्या दिवशीही मला लाज वाटतच होती. पिशवीतल्या पंपानं हवा भरायला लागलो. पतंगाच्या पुढच्या कडेला मांडीएवढी जाड नळी असते, ती फुगली की त्याला आकार येतो. नळी फुगत गेली. एक टोक नंदीच्या डोक्यावरून गेलं, दुसरं दानपेटी ओलांडून खांबाला टेकलं. निळा, पिवळा, अख्खा मंडप भरून. आप्पा काठी टेकत उठले आणि एका टोकापासून हातानं चाचपत निघाले. दुसऱ्या टोकाला पोचायला त्यांना वेळ लागला. "शेपटी न्हाई ह्याला?" "नाही." "आन हे त्याला उचलायचं?" "ताडाएवढं." "मग खाली कसा यायचा?" "हळूच, आप्पा. त्याला घाई नसायची." तिथंच कापडाला गाल टेकवून ते उभे राहिले.

संध्याकाळच्या पूजेची वेळ झाली तेव्हा मी पतंग बाहेर काढायला गेलो. तो दारातून निघेना. आडवा घातला, उभा घातला, तिरका करून बघितला. मी हवा सोडायला लागलो तर आप्पांनी काठी आडवी घातली.

"हवा सोडायची न्हाई. ऱ्हाऊ दे हितंच."

"आप्पा, लोक विचारतील."

"इचारू देत. इचारलं पायजे. मी सांगतो."

तेव्हापासून तो तिथंच आहे. लोक पिंडीला जायला त्याच्या कडेनं वळसा घालतात. नळीतून कुठूनतरी थोडी थोडी हवा जाते, पतंग दोन्ही टोकांनी कलायला लागतो. दर रविवारी आप्पांचा फोन येतो, "हवा कमी झाल्याय. उद्या ये." पंप मारायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. गेल्या सोमवारी बोरीहून काही बाया दर्शनाला आल्या होत्या. एकीनं विचारलं, "हे काय बसवलंय ओ आप्पा? पाळणा हाय का?" आप्पा पायरीवर नीट बसले आणि सुरू झाले. पोरगं, पतंग, समुद्र, जर्मन लोक कसे त्याच्या हाताखाली शिकायचे. मग माझ्यावर आले. "आन हा माधव. परभणीला शाळंत हापिसात हाय. ह्यानं मला सांगितलं..." बायांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पंप मारत राहिलो.

"माधवा, थांब जरा," आप्पा म्हणाले. "त्या पंपानं त्यानला ऐकू येईना. माझं सांगून होऊ दे, मग मार."

मी थांबलो.