पदराखाली धरलेलं रक्त

फणसवाडीतल्या कालिंदीबाईंच्या हातून थंड असं काही कुणाला मिळालंच नाही. थंडीच्या दिवसांत नवऱ्याचा सदरासुद्धा त्या चुलीच्या उबेला धरून मग त्याच्या हाती द्यायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात माया बोलली ती हातांनीच.

नवऱ्याच्या, गंगाधररावांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "परक्याचं रक्त माझ्या अंगात नको. माझंच काढून ठेवा. आपल्याच रक्ताचा कसला धोका?" तीन आठवड्यांपूर्वी परळच्या रक्तपेढीत पिशवी भरून आले. चेहरा तेव्हापासूनच फिकट झाला होता.

ऑपरेशनमध्ये रक्त बरंच गेलं. दादरच्या इस्पितळातून कालिंदीबाई टॅक्सीनं परळला गेल्या आणि बर्फाच्या डब्यातली पिशवी घेऊन निघाल्या. हिंदमाताला गाड्या तुंबल्या. दुकानांच्या काचेआड साड्या झुलत होत्या, जांभळ्या, मोरपंखी. बाईंना वाटलं, आपण पाण्याखालून चाललो आहोत. डब्यावर हात ठेवला तर हाडापर्यंत गारठा. हे असलं गार ह्यांच्या अंगात जाणार? त्यांनी पिशवी काढली, पदराखाली पोटाशी धरली. हळूहळू ती निजलेल्या मुलासारखी उबदार, जड झाली. लग्न झाल्यापासून एवढा वेळ त्यांनी नवऱ्याला कधी जवळ धरलं नव्हतं.

इस्पितळात नर्स संघमित्रानं पिशवी हातात घेतली आणि ती थबकली.

"काकू, ही गरम कशी? डब्यातून कधी काढलीत?"

आत्ताच, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मग परक्याचं रक्त द्यावं लागलं नसतं, नवऱ्याचा शब्द राहिला असता.

"तास झाला गं. जास्तच. पण त्यांचंच आहे ना?"

"त्यांचं असलं म्हणून काय झालं? उबेत जंतू वाढतात, काकू. हे दिलं असतं ना, तर काका हातचे गेले असते." तिनं पिशवी बाजूला ठेवली. "बरं झालं, खरं बोललात."

डॉक्टरांनी रक्तपेढीला फोन करून दुसरी पिशवी मागवली. या वेळी ती आणायला इस्पितळाचा माणूस गेला.

गंगाधररावांनी डोळे उघडले तेव्हा वरच्या पिशवीतून नळीवाटे रक्त थेंब थेंब उतरत होतं.

"माझंच ना गं?"

"नाही. तुमचं माझ्या हातून वाया गेलं."

त्यांची नजर नळीवरून वर पिशवीकडे गेली.

"कुणाचं आहे?"

"नाव सांगत नाहीत."

त्यांनी हात हलवला नाही, सुई काढा म्हणाले नाहीत. बाई त्यांच्या ओठांकडे बघत बसल्या. तिथं कुणा अनोळख्याचा रंग सावकाश चढत होता.