पायरी बघणारा मॅनेजर

"यल्ला, चढ बघू!" एवढं म्हणून तो बसमधला आरसा खाली वळवायचा. चढणाऱ्याचं तोंड त्याला बघायचंच नसे, पाय बघायचे असत. अल क्वोजच्या कामगार-कॅम्पमधून सायटीवर माणसं नेणारी आमच्या कंपनीची पांढरी बस तो चालवायचा. पन्नाशीचा, गुहागरकडचा गडी. इथे आखातात पानाला बंदी, म्हणून दिवसभर बडीशेप चघळायचा.

मी एकदा विचारलं, "भाऊ, पाय कसले बघता?"

"सायब, माणूस तोंडानं खोटं बोलतो. पायरीवर नाय बोलता येत."

तुम्ही म्हणाल, एका ड्रायव्हरचं एवढं काय कौतुक? अहो, मीही तेच म्हणालो होतो, आणि तेही चारचौघांत, तावातावाने.

मंदीचे दिवस होते. क्रेन जिथल्या तिथे उभ्या होत्या. ऑफिसात दर आठवड्याला लिस्ट लागायची. नाव आलं की व्हिसा कॅन्सल, खलास. आमच्या कबड्डी संघाचा मॅनेजर सायटीवर इंजिनिअर होता. त्याचं नाव आलं आणि आठ दिवसांत घर आवरून तो पुण्याला गेला. शुक्रवारी कॅम्पमागच्या वाळूत संघ खेळायचा आणि आम्ही ऑफिसवाले बायकापोरांसकट बघायला जायचो. आता नवा मॅनेजर कोण? बुडालेल्या बँकांवर झाली नसेल एवढी चर्चा आम्ही इथल्या कडक, 'करक' चहावर केली.

मी जन्मात एकदाही चढाई केलेली नाही, पण माझं मत ठाम होतं. जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहणारा आमचा फायनान्सवाला! विद्यापीठाकडून खेळलेला माणूस, शिवाय लॅपटॉपवर प्रेझेंटेशन घेऊन आला होता.

"आपला ड्रायव्हर कसा वाटतो?" कोणीतरी हळूच म्हणालं.

"ड्रायव्हरने बस चालवावी!" मी म्हणालो. लोक हसले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात आमचा सगळ्यात भारी चढाईपटू उभा राहिला. सायटीवर सळ्या बांधणारा, खेडचा पोरगा. "भाऊ मॅनेजर, नाय तर आमी खेळत नाय." झालं, प्रेझेंटेशन मुकाट बॅगेत गेलं.

मॅनेजर झाला तरी हा बसमधून उतरेना. मैदानाला खेटून बस लावायचा, खिडकी उघडायचा आणि हॉर्नवर संघ चालवायचा. एक हॉर्न म्हणजे मागे या. दोन हॉर्न म्हणजे साखळी. एकमेकांचे हात धरा आणि समोरच्याला कोंडा. पंच वैतागले, पण हॉर्न वाजवू नये असा नियम होता कुठे?

"केवढा माज!" मी बायकोला म्हणालो. "राजेसाहेब गादीवरून उतरत नाहीत."

"बाबा, ही इज सो कूल!" माझी मुलगी म्हणाली. घरभेदी!

आणि तुम्हाला खरं सांगतो, संघ जिंकत सुटला. थेट फायनल! त्या दिवशी कंपनीचे मोठे साहेबसुद्धा पहिल्या रांगेत. आणि सात जणांत आमचा खेडवाला नाही! त्याच्या जागी मेसमधला चपात्या लाटणारा, काडी पैलवान. ज्याच्या जिवावर इथवर आलो तोच बाहेर, म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

"ओ भाऊ, कपाचं वाटोळं करताय! त्याला का बसवलंत?"

"उशिरा आला. शिक्षा." खिडकीतून एवढंच उत्तर आलं. लोकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. माझा आवाज सगळ्यात मोठा होता, हे कबूल करतो. खेडवाला खाली मान घालून बसला होता.

शेवटचं मिनिट. दोन्ही बाजू बरोबरीत. त्यांचा धिप्पाड चढाईपटू आत आला. दोन हॉर्न! आमच्या चपातीवाल्याने सूर मारून त्याचा घोटा धरला आणि साखळी वरून अशी मिटली की तो गडी दिसेनासा झाला. शिट्टी! एका गुणाने जिंकलो! मी फायनान्सवाल्याला मिठी मारून नाचलो, म्हणजे विचार करा.

आनंद ओसरल्यावर मी बसपाशी गेलो. "भाऊ, आता तरी खरं सांगा."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "पोटात ठेवाल? सकाळी तो एकेका पायरीवर दोन-दोन पाय टेकत चढला. गुडघा दुखावलाय. लिस्ट बनवणारे सायब समोर बसलेले. त्यांच्या पुढ्यात पडला असता, तर कप तर गेलाच असता, नि लिस्टीत नाव लागून तोही घरी गेला असता."

"मग आम्हाला तरी सांगायचं! एवढ्या शिव्या कशाला खाल्ल्या?"

"तुमच्या कानात पडलं असतं ते सायबांच्याही पडलं असतं. शिव्या काय, बडीशेपेसारख्या. चघळायच्या."

मला माझी लाज वाटली. खेडवाला दोन महिने खेळला नाही, पण नोकरी टिकली. पुढच्या हिवाळ्यात त्याने चढायांवर चढाया करून पुन्हा कप आणला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात लिस्टमध्ये भाऊंचं नाव आलं.

विमानतळावर सोडायला त्याचीच बस होती, चालवायला नवा पठाण. कॅम्पच्या दाराशी आम्ही सगळे जमलो. संघाने पहिला कप टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिला. तो मात्र बसच्या दाराशी घुटमळत राहिला. तेव्हा लक्षात आलं, आम्ही याला नेहमी सीटवर बसलेलाच बघितला होता.

खेडवाल्याने दार धरलं. "यल्ला, चढा बघू!" सगळे हसले.

त्याने कप काखेत मारला, दांडा धरला आणि उजवा पाय वर टाकला. मग डावा पाय ओढून त्याच पायरीवर आणला. थांबला. पुढची पायरीही तशीच. आता कोणी हसत नव्हतं. खेडवाल्याने पुढे होऊन त्याच्या कमरेला हात दिला.

"भाऊ, हे कधीचं?"

"तुझ्याच वयाचा होतो. फायनल होती." वर पोचून तो वळला आणि मिश्कील हसला. "तेव्हा कोणी बसवलं नाय मला."

बस सुरू झाली. त्याने पठाणाच्या खांद्यावरून हात लांब केला आणि दोनदा हॉर्न वाजवला.

वाळूत उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी, न सांगता, एकमेकांचे हात धरले.