शेळीचं औषध सशाला

आमचा ससा गुंड होता. दिसायला पांढराशुभ्र, पण आणल्या दिवशीच त्याने माझ्या मुलीचा अंगठा फोडला. शेजारच्या कुत्र्याच्या नाकावर एकदा अशी लाथ हाणली, की ते कुत्रं आमचं दार आलं की रस्त्याची पलीकडची कड धरायचं. माझी मनगटं तर त्याने नांगरूनच काढली होती, आणि मी बाह्या सारून ती मार्गासनी गावभर मिरवत होतो.

मुलगी शिकायला पुण्याला निघाली तेव्हा म्हणाली, "पप्पा, दिवाळीला येते. तोवर ह्याला सांभाळायचं. जिवंत." शेवटचा शब्द डोळे वटारून. मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. शपथ म्हटली की मला लगेच छाती सापडते.

दिवाळीला आठ दिवस उरले होते. सकाळी पिंजरा उघडला आणि हल्ला झालाच नाही. ससा कोपऱ्यात आखडून दात करकरवत होता. कालचा घास तसाच, लेंडी एक नाही. पोट हलगीसारखं ताणलेलं. मी ते दाबलं, तरी तो चावला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

"अवं, वेल्ह्याला गुरांच्या डॉक्टरकडं न्या," बायको म्हणाली.

पण आमच्यात जनावर आजारी पडलं की पहिली हाक माझ्या थोरल्या भावाला जाते. त्याचं सगळं आयुष्य शेळ्यांत गेलं. तो आला, सशाच्या पोटावर टिचकी मारली. ढब्ब!

"फुगलाय. शेळीवानीच हाय. गोडंतेल पाजू. न्हाई उतरलं तर डाग दिऊ."

"दादा, शेळी केवढी, ह्यो केवढा!"

"मग तेल बी तेवढंच. म्या काय बादली वततोय व्हय?"

बैलाला औषध पाजायचा बांबूचा नळा हातभर असतो. दादाने त्याचं बोटभर पिल्लू तासलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. मी कौतुकाने बघत राहिलो. मग मी ससा गुडघ्यांत दाबला आणि दोन बोटांनी त्याचा जबडा फाकवला. दादाने ओतलं. सशाने माझ्या मांड्या फाडल्या, लेंग्यावर रक्त उमटलं, आणि मी आनंदाने ओरडलो, "जोर आला! जोर आला!"

तो जोर नव्हता. ससा गुदमरत होता. त्याच्या नाकातून तेलाचा एक बुडबुडा आला आणि फुटला.

दादाने विळा चुलीत खुपसला. आमच्या घरात पोटदुखीवर हाच शेवटचा उपाय. त्याच्या शेळ्यांच्या पोटावर डाग आहेत, आम्हा दोघा भावांच्याही आहेत. लालभडक टोक घेऊन तो आला.

"धर उताणा."

"न्हाई."

"धर म्हंतो!"

मी ससा टोपल्यात ठेवला आणि दादावर झेप घेतली. पन्नाशीतली दोन पोटं एकमेकांवर आदळली. त्याने माझ्या तोंडावर बुक्का घातला, ओठ फाटला. मी त्याच्या मनगटात दात रुतवले आणि सोडले नाहीत. विळा गोणपाटावर पडला, गोणपाट पेटलं. बायकोने बादलीभर पाणी आगीवर आणि आमच्यावर सारखंच वाटून फेकलं.

"भावजी, ससा मरतोय! कुस्त्या कसल्या खेळताय?"

मग मोटरसायकल निघाली. दादा पुढे, मी मागे, ससा माझ्या शर्टात.

"चावतोस काय रं?"

"तू विळा आनलास."

"तुझ्याच सशासाठी ना, गाढवा!"

वाटेतलं विंझर गाव यायच्या आत सशाने माझ्या पोटात अशी लाथ घातली की माझा श्वास अडकला. "दादा, लाथ मारली!" मी किंचाळलो. दादाही हसला, "मारंल न्हाई तर काय!" आणि शर्टातला भार एकदम सैल झाला. वेल्हे येईपर्यंत मी हे दादाला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी सशाचं तोंड उघडून वास घेतला. "तेल कुणी पाजलं? असं ओतलं की ते छातीत जातं."

"म्या," दादा म्हणाला. चावलेल्या मनगटाला त्याने रुमाल गुंडाळला होता. "म्या एकट्यानं. ह्यो नगं म्हनत हुता."

खरं सांगतो, वाटेतच मी मुलीला सांगायची गोष्ट रचली होती. तीत मिशीवाला दादा होता, लाल विळा होता, आणि सशासाठी रक्त सांडणारा मी होतो. दादाने ती भूमिका मला फुकटात देऊन टाकली होती.

ससा पुन्हा शर्टात घेऊन बाहेर आलो तर मुलीचा फोन. बायकोने तिला कळवलं होतं. दादाने हात पुढे केला, "दे हिकडं. शिव्या मला घालू दे तिला."

मी पाठ फिरवली. "गेला," मी म्हणालो. "तेल पाजलं आम्ही. दादाने ओतलं, पण जबडा मी उघडला. डॉक्टरकडे आधी न्यायला हवं होतं."

ती अशी किंचाळली की चार पावलांवरच्या दादाने मान खाली घातली. मला तिने जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी रडत म्हणाली, "दुपारच्या एसटीने येतेय. मी आल्याशिवाय पुरायचं नाही. हात लावायचा नाही कुणी." फोन बंद.

"काय म्हनली?"

"येतीय. तवर तसाच ठेवायचा."

दादाने सूर्याकडे बघितलं, मग माझ्या शर्टाकडे. "मग बर्फ लागंल," तो म्हणाला. आणि आम्ही दोघे, एकाचा ओठ सुजलेला, एकाचा हात, वेल्ह्याच्या दुकानांतून बर्फ विचारत फिरू लागलो.